आपट्याची खालती वाट

चार सायकली टेम्पोत चढवल्या तेव्हा रेवाने आपली सायकल बाबांच्या सायकलीला टेकू दिली नाही. मध्ये माझी उभी केली आणि वर गोणपाटाची घडी सारली, जसं काही दोघांच्या हँडलनीही एकमेकांशी बोलायचं नव्हतं.

"आई, बाबांना सांग, दोरी सैल आहे."

बाबा, म्हणजे माझा नवरा सतीश, तिच्यापासून दोन हातांवर उभा होता. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "तिला सांग, मी न्हावा शेव्याला आहे. दोरी कशी बांधतात ते मला कळतं."

न्हावा शेव्याच्या बंदरात तो कंटेनरचे कागद करायचा, आयुष्यात एक गाठ मारली नव्हती त्याने तिथे. दोन महिने मी त्या दोघांमधलं पोस्ट ऑफिस झाले होते. एकाच ताटाळ्यातली ताटं घ्यायची, एकाच टेबलावर जेवायचं आणि आमटी हवी असली तरी निरोप माझ्याकडे. वैताग आला होता मला.

सायकलींचं वेड सतीशचंच. रेवा आठ वर्षांची असताना त्याने एक जुनी गिअरची सायकल आणली आणि मग एकेक करत घरात चार झाल्या. आमची गॅलरी गेली, कपडे आत वाळू लागले. रविवारी पहाटे आम्ही पनवेलबाहेरच्या कच्च्या रस्त्यांवर असायचो. घरी परतून चौघं चिखलाचे पाय घेऊन बाथरूमसमोर रांग लावायचो आणि त्या रांगेत जेवढ्या गप्पा व्हायच्या तेवढ्या आठवडाभरात व्हायच्या नाहीत. मग लहान लहान शर्यती सुरू झाल्या. शर्यतीच्या दिवशी मात्र सतीशच्या अंगात यायचं.

दिवाळीनंतरच्या शर्यतीत रेवा उतारावर पडली. चौदा वर्षांची मुलगी, गुडघा फुटलेला, आणि हा काठावरून सगळ्यांसमोर ओरडला, "रडायला घरी वेळ आहे, उठ!" ती उठली, शर्यत पूर्ण केली, तिसरी आली. त्या दिवसापासून बाबांशी बोलणं बंद.

आता आपट्याजवळ कुटुंबांची शर्यत होती. चौघांनी मिळून सायकली चालवायच्या आणि शेवटचा माणूस दोरी ओलांडेल ती वेळ धरायची. रेवा कबूल झाली ती फक्त दहा वर्षांच्या निनादसाठी, आणि एका अटीवर. ही शेवटची. नंतर तिची सायकल विकून टाकायची. आदल्या दिवशी आमच्या सायकलवाल्या रशीदचाचांनी दुकानात चारही सायकलींना तेलपाणी केलं आणि तिला म्हणाले, "बेटा, आता इन्शाअल्ला पुढच्या शनिवारी घेऊन ये, ब्रेक परत बघू." ती नुसती हसली. मला दुकानातच भरून आलं. सायकल गेली असती तर आमच्याकडे एकत्र बसायला दुसरं काय होतं?

टेम्पो निघाला. पळस्प्याला बंदराकडच्या ट्रेलरांनी नेहमीप्रमाणे अडवलं. निनादने कंटेनरांचे रंग मोजले, सतीशने मुद्दाम मोठ्याने कुठला कुठल्या देशाचा ते सांगितलं, रेवा खिडकीबाहेर बघत ऐकत होती. कर्नाळ्याच्या अलीकडे टपरीवर चहा घेतला. किल्ल्याचा सुळका धुक्यातून नुकता वर निघत होता. टपरीवाल्याने विचारलं, "चौघंपन शर्यतीत? बाईमानूसपन?" मी म्हटलं, "बाईमाणूसच चालवतंय हे सगळं." त्याने मला आलं जास्त घालून दिलं.

आपट्याच्या फाट्याला वळल्यावर रस्ता शांत झाला. दोन्ही बाजूंना वालाची शेतं, शेंगा धरलेल्या, आणि झाडांच्या फटीतून पाताळगंगा. मैदानात दहाबारा कुटुंबं जमली होती. एका कडेला गावातली माणसं पोपटीची (मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यात शिजवलेल्या वालाच्या शेंगा) तयारी करत होती. वास येण्याआधीच निनादला भूक लागली.

शिट्टी झाली. सतीश सुटला तो सरळ पुढे, मागे न बघता सूचना देत. "गिअर बदल! डावीकडून! निनाद, पुढे बघ!" रेवा एकटी सुटली असती तर सगळ्यांच्या पुढे गेली असती. पण बाबांच्या जवळ जायचं नाही म्हणून ती माझ्या आणि निनादच्या वेगाने चालवत राहिली. शेतांच्या बांधावरून, आंब्यांच्या सावलीतून, ओल्या मातीवरून आम्ही तिघं आणि शंभर पावलं पुढे सतीशचा आवाज. मग वळण आलं आणि आवाज थांबला.

मी बालवाडीत शिकवते, डोकी मोजायची सवय आहे. एक कमी भरलं. वळणापुढे वाट दुभंगली होती. एक फाटा उतरून नदीकडे, दुसरा चढून बांधावर. चुन्याच्या फक्कीने आखलेला बाण म्हशींनी तुडवून टाकला होता. तिथे एक आजी वालाची टोपली घेऊन बसली होती. मी विचारलं, "आजी, इथून एक माणूस गेला का, लाल टोपीचा?"

"गेला की. मी सांगितलं त्याला, खालती जा. तर तो वरती गेला." आजीने हात केला तो उताराकडे. "तुमी शहरातली मानसं आयकतच नाय."

मी चक्रावले. खाली जा म्हटलं, तो खालीच गेला, आणि ही म्हणते वर. म्हातारीला ऊन लागलं की काय?

रेवा एकदम हसायला लागली. दोन महिन्यांनी तिचा हा आवाज ऐकला मी. "आई, आपली मासेवाली मावशी नाही का म्हणत, 'आज खालतून ताजी आनलीत'? ती उरणहून येते. खालती म्हणजे समुद्राकडे. वरती म्हणजे घाटाकडे. चढउताराशी संबंधच नाही त्याचा!"

आजी म्हणाली, "मंग? पोरीला कलतं." बांधावर चढणारी वाट नदीच्या प्रवाहाबरोबर समुद्राकडे जात होती, म्हणून ती खालती. आणि आमचा हुशार माणूस उतार दिसला म्हणून घाटाच्या दिशेने निघून गेला होता.

तेवढ्यात मागून दोन कुटुंबं आली. रेवाने त्यांना बांधाची वाट दाखवली आणि ती निघूनही गेली. मी म्हटलं, "थांब तू इथे, मी जाते बोलवायला."

"तुला तो उतार जमणार नाही," ती म्हणाली. मग उतरणीच्या तोंडाशी गेली, दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि ओरडली, "बाबा! चुकलात! बाबा, खालती!"

सतीश पार तळाशी, नदीकाठच्या सपाटीवर थांबून इकडेतिकडे बघत होता. त्याने वर पाहिलं. दोन महिन्यांत लेक पहिल्यांदा थेट बोलत होती, आणि त्याने तिचं शब्दशः ऐकलं. हात उंचावला, "हो, हो!" म्हणाला आणि आणखी खाली उतरला, थेट नदीच्या गाळात. पुढचं चाक अर्धं आत गेलं आणि तो हँडलवरून पुढे जाऊन बसला, मांडी घालून, कमरेपर्यंत काळा.

निनाद घाबरला. आजीने पदर तोंडाला लावला. रेवा सुसाट खाली गेली, काठावर सायकल टाकली आणि कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभी राहिली. सकाळच्या त्या शांततेत मला वरपर्यंत नीट ऐकू आलं.

"रडायला घरी वेळ आहे. उठा."

सतीश उठला नाही. त्याने चिखलातूनच तिच्या गुडघ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "गुडघा दुखतो का गं अजून?"

"दुखतो थंडीत."

"चुकलो मी, रेवा. तेव्हाही."

ती चिखलात उतरली आणि त्याला हात दिला. दोघांनी मिळून सायकल ओढून काढली, चढावर ढकलत आणली. वर येईपर्यंत दोघं भांडत होते. मागच्या ब्रेकमध्ये गाळ गेलाय की नाही यावरून, थेट एकमेकांशी. माझ्याकडे कोणी बघितलं नाही. मी तिथेच डोळे पुसले आणि आजीने काही न विचारता माझ्या हातात चार शेंगा ठेवल्या.

आम्ही पोचलो तेव्हा लोक दोरी गुंडाळत होते. आम्हाला बघून त्यांनी ती पुन्हा धरली. चौघं एका ओळीत आत आलो, अर्थात शेवटचे. पोपटीच्या मडक्यात तळाच्या शेंगा उरल्या होत्या, थोड्या करपलेल्या. सतीश सोलायचा आणि रेवा त्याच्या तळहातावरचे दाणे खायची. माझ्या निनादला बिचाऱ्याला स्वतःच सोलाव्या लागल्या.

परतताना टेम्पोत गोणपाट कुठे पडलं ते कळलंच नाही. दोघांच्या सायकली चिखलासकट एकमेकींना चिकटून पनवेलपर्यंत आल्या. पुढच्या शनिवारी रेवा ब्रेक दाखवायला रशीदचाचांकडे गेली. सायकल विकायचा विषय कुणी काढला नाही, आणि दहावीचं वर्ष तेवढं सोडलं तर पुढे कितीतरी रविवार आम्ही बाथरूमसमोर रांग लावली.

आता गॅलरीत कपडे वाळतात. निनाद हॉस्टेलवर आहे, रेवा पुण्याला नोकरी करते. ती रोज फोन करते, पण मला नाही, बाबांना. मी शेजारी बसलेली असले तरी कोणी निरोप द्यायला सांगत नाही, आणि खरं सांगते, कधीकधी मला त्याचा थोडा राग येतो.

शुक्रवारी फोन ठेवण्याआधी ती विचारते, "बाबा, उद्या काय करू?" पुण्याहून पनवेल घाट उतरून, समुद्राच्या बाजूला. त्यात आता चुकायला जागाच नाही.

सतीश म्हणतो, "खालती ये."

आणि मी उठून त्या दोघांच्या सायकलींची हवा बघायला जाते.