मावशीची बिस्किटी भिंत

पुणतांब्यात सगळ्या पक्षांना सारख्याच ठामपणे नकार देणारं माणूस आजवर एकच झालं, ते म्हणजे माझी मावशी. कोणाच्या विचारांशी तिचं भांडण नव्हतं. होतं ते भिंतीसाठी. उभी हयात तिने मिशनच्या दवाखान्यात आया म्हणून काढली, राहायला दवाखान्याचीच खोली. भिंतींना दरसाल चुना, आणि खिळा ठोकायचा तरी परवानगी लागायची. निवृत्तीनंतर रस्त्याला लागून स्वतःचं घर झालं तेव्हा तिने ठरवलं, रंग आपल्या मनाचा. चहात बुडवलेल्या बिस्किटाचा. श्रीरामपूरच्या दुकानात तिने शेडकार्ड बाजूला सारलं, थर्मासमधल्या चहात बिस्कीट बुडवलं आणि काउंटरवर ठेवलं. दुकानदार म्हणाला, "मावशी, आमचं मशीन बिस्कीट खात न्हाई."

"मग तू खा, आन् चव ध्यानात हाय तवर रंग बनव."

नाताळाआधी घर आतून-बाहेरून बिस्किटी झालं. पण रस्त्याकडेची कोरी भिंत म्हणजे आपल्याकडे उघडं आमंत्रण. निवडणूक, खत, शिकवणी, जो येईल तो पहाटेच रंगवून मोकळा. मावशी रंगाऱ्यांना आधी चहा पाजायची, मग उरलेल्या बिस्किटी रंगाचा डबा पुढे करायची. "आता झाका." एकदा उमेदवार स्वतः हात जोडून आला. "मला तुमचा मुलगाच समजा."

"पोरालाबी भितीवर लिवू दिलं न्हाई मी. त्याला पाटी आनून दिल्ती."

मी चळवळीच्या पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून वाढलेला. भिंत म्हणजे मला लोकांचं वर्तमानपत्र वाटायचं. गोदावरीतली वाळू उपसली जात होती तेव्हा मी घोषणा घेऊन तिच्याकडे गेलो. तिने चष्मा लावून कागद वाचला. "खरं हाय."

"मग लिहू?"

"न्हाई. मोर्चाला येते."

आणि आली, छत्री घेऊन, सगळ्यांच्या पुढे. त्या दिवसापासून माझं मत पक्कं आहे: गरिबाच्या भिंतीला न विचारता हात लावणारा, मग तो कितीही खरं लिहो, गरिबाच्या हक्कांबद्दल बोलायला नालायक आहे.

गेल्या वर्षी तिचा मुलगा तिला पुण्याला घेऊन गेला. घराला कुलूप आहे. परवा वाळूचा उपसा पुन्हा सुरू झाला आणि मी ब्रश घेऊन त्या भिंतीसमोर उभा राहिलो. अडवायला कोणी नव्हतं. मी फोन लावला.

"ऊन आलंय का रं भितीवर?" तिने आधी तेच विचारलं.

"आलंय."

"कसं दिसतंय?"

रंग पार विटला होता, पण त्या तिरप्या उन्हात तिला हवा होता तसाच दिसत होता. मी ते सांगितलं. मग मी लिहायचं विचारलं.

"न्हाई," मावशी म्हणाली.

हल्ली तिचा आवाज खोल गेलाय, फोनवर अर्धे शब्द हरवतात. हा एक मात्र अख्खा पोचला. मी डब्याला झाकण लावलं आणि ऊन भिंतीवरून उतरेपर्यंत तिथेच थांबलो.