मालनबाईच्या सासूची हाक

नांदूरघाटात माझं किराणा दुकान आहे. दुकानदाराइतका संशयी माणूस दुसरा नसतो, अशी माझी समजूत होती. शेजारच्या मालनबाईनं माझा तो तोरा उतरवला. साखर बांधून दिली की ती पुडा हातावर तोलणार आणि मग माझ्या तोंडाकडे बघणार. माणसं पारखायची तिची एक रीत होती. नव्या माणसाच्या कानात स्वतःबद्दलची एखादी थाप सोडायची आणि ती गावात फिरून परत येते का, याची वाट बघायची. परत आली, की त्या माणसाचा विषय संपला.

यंदा तिचा मुलगा विलास ऊसतोडीहून परतला, तो गप्पच झाला. बोलेना, नीट जेवेना, भिंतीकडे तोंड करून बसून राहायचा. "कंबर धरलीय" असं मालनबाई सगळ्यांना सांगायची आणि बाहेर पडताना दाराला कुलूप घालायची. शेजारी राहून मला कळायचं ते कळत होतं, पण मी तोंड उघडलं नाही. टोळीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्यातल्या एकाचं डोकं ठिकाणावर नाही अशी नुसती कुणकुण लागली, तरी टोळी जमवणारा मुकादम शहादेव ती जोडी घेत नाही. लेकासुनेचं पोट त्या कुलपावर अवलंबून होतं.

अशात वडवणीहून पौर्णिमा नावाची एक पोरगी आली. ती कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. ऊसतोडीहून परतलेल्या माणसांच्या मनाचं काय होतं, याचं संशोधन तिला करायचं होतं आणि त्यासाठी सरकारी अनुदानाचा अर्ज भरायचा होता. अर्जाला खऱ्या माणसांच्या हकिगती जोडायच्या होत्या, नावं न घालता.

"नाव न्हाई घातलं म्हून गावाला वळखू येत न्हाई व्हय?" मालनबाई माझ्या ओट्यावरूनच कडाडली. "आन् येड्यांच्या हकिगती सरकारला कावून पायजेत?"

"येडं कुणी न्हाई, मावशी. दुखणं हाय ते," पौर्णिमा म्हणाली.

"आप्पा, तुमाला पटतंय का हे?"

मलाही पटत नव्हतं. सरकार आपली विचारपूस करायला लागलं की मला धडकीच भरते. ही पोरगी गोड बोलते, तिच्यामागं कोण आहे, हे मीही मनात घोळवत होतो.

तरी मालनबाई तिला लिंबाखाली घेऊन गेली आणि हळू आवाजात काहीतरी सांगितलं. तेव्हापासून ती येता-जाता मला विचारायची, "आप्पा, माज्याबद्दल काय आयकलं का?" मी ओळखलं, बाईनं गळ टाकलाय. गावभरच्या बातम्या ठेवणाऱ्या दगडाबाईला विचारून झालं, शहादेवच्या दारावरूनही ती उगाच दोन चकरा मारून आली. कुठूनच काही येईना, तसा तिचा संशय उलट वाढला.

"लई हुशार दिसती," ती म्हणाली. "सगळं अर्जातच घातलं आसंल."

दिवाळी जवळ आली, टोळ्या निघायची बोलणी सुरू झाली, तेव्हा पौर्णिमा पुन्हा आली. चेहरा उतरलेला. अर्ज नामंजूर झाला होता. हकिगती जोडलेल्या नाहीत, असा शेरा होता.

मालनबाई ओट्यावरच होती. "मी सांगितलेलं घातलं न्हाईस?"

"न्हाई."

"घातलं आसतंस तर मिळालं आसतं?"

"मिळालं आसतं बहुतेक. लई उपयोगाचं हुतं ते."

"मंग कावून न्हाई घातलं?"

"तुमी घाल म्हणाला न्हवता, मावशी."

मालनबाई कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिली. पुडा तोलताना बघते तशीच. मग तिचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं आणि मला कुठं बघावं ते कळेना.

"मेलेली सासू मला हाका मारती म्हणलं न्हवं का तुला? खोटं हुतं ते. जित्ती आस्ताना बी तिनं मला कदी धड हाक मारली न्हाई." तिनं कमरेची चावी सोडली. "खरं घरात हाय. लिव्हायचं न्हाई. नुसतं बग त्याच्याकडं."

पौर्णिमानं कागदांची पिशवी माझ्या गल्ल्यावर ठेवली आणि रिकाम्या हातानं तिच्या मागोमाग गेली.