यून सर आणि दुसरा नमस्कार

यून सरांनी मला कधी ‘गुड आफ्टरनून’ म्हटलं नाही. दुपारी दोनला मी क्लासचं दार ढकललं, की ते चष्मा कपाळावर सारून विचारायचे, “टीचर, जेवलात का?” पहिले दोन आठवडे मी अगदी प्रामाणिकपणे उत्तरं दिली. आज मुगाची खिचडी, काल मटकीची उसळ, परवा उशीर झाला म्हणून खाऊगल्लीसारख्या हॉकर सेंटरमधल्या नूडल्स. ते मान डोलावत सगळं ऐकून घ्यायचे. शेवटी कोरियन शिकवणाऱ्या मिन-जीने मला बाजूला घेतलं. “हे आमचं हॅलो आहे. नुसतं ‘हो’ म्हणायचं असतं.” मी चांगलीच ओशाळले. सरांना म्हटलं, मग तुम्ही मला थांबवलं का नाही? तर म्हणाले, “तुम्ही फार मनापासून सांगत होता. आणि मला उसळ म्हणजे काय ते कळलं.”

हा क्लास त्यांचा स्वतःचा. हार्बरफ्रंटजवळच्या एका जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. सिंगापूरला नोकरीसाठी आलेल्या कोरियन कुटुंबांतली मुलं शाळा सुटली की तिथे इंग्रजी शिकायला यायची. आईबापांना बाई हव्या होत्या सोनेरी केसांच्या आणि मिळाले मी, दूरच्या चोआ चू कांग उपनगरातून मेट्रोने येणारी पुणेकरीण. एका आईने तर माझ्यासमोरच सरांना विचारलं, “इंग्रजीच्या टीचर कधी येणार?” सर शांतपणे म्हणाले, “आल्या आहेत. व्याकरणात माझ्याही चुका काढतात. मी घाबरून असतो.” त्या बाईंनी मला दोन्ही हातांनी मुलीची वही दिली. कोरियन माणूस मोठ्यांना काहीही देताना दोन्ही हात लावतो, हे मला तोवर कळलेलं होतं. मी सुखावले.

मोठ्या मुलांची प्रवेश परीक्षा आली तेव्हा मात्र आमची जुंपली. परीक्षेच्या दिवशी कोरियन मुलं समुद्री शेवाळाचं सूप तोंडाला लावत नाहीत. ते बुळबुळीत, म्हणजे मूल घसरणार. त्याऐवजी चिकट गोळी खातात, म्हणजे मूल प्रवेशाला चिकटणार. हे सगळं ठाऊक नसलेली मी डब्यात दही-साखर घेऊन हजर! सरांनी चमचा उलटा करून बघितला. “टीचर, हे घसरतंय.” मी म्हटलं, “आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या याच्यावर पास झालेत.” त्यांनी खूप विचार केला आणि निकाल दिला, “दही घसरतं, साखर चिकटते. दोन्ही द्या.”

असल्या माणसाच्या बाबतीत मी नको ते करून बसले.

सोल्लाल म्हणजे कोरियन नवं वर्ष. आदल्या दिवशी क्लासमध्ये मुलं रेशमी कपडे घालून येतात आणि गुडघे टेकून, कपाळ हातांना लावून वडीलधाऱ्यांना नमस्कार करतात. मग आम्ही शिक्षक सरांना करतो. त्या वर्षी पुढच्याच आठवड्यात सरांची बायपास होती. वय सदुसष्ट, त्यात मधुमेह. सकाळी निघताना माझा नवरा चिन्मय मोज्यात पाय घालता घालता म्हणाला होता, “माझ्या वाटचाही नमस्कार कर गं सरांना.” आपल्याकडे हे किती सहज असतं! मी खाली बसले, छान वाकले, उठले, चिन्मयची आठवण झाली आणि पुन्हा वाकले.

मान वर केली तर मिन-जीचा हात तोंडावर गेलेला. नऊ वर्षांची हाना तेवढी मोठ्याने म्हणाली, “टीचर, two times is for dead people lah!”

जिवंत माणसाला एक, गेलेल्याला दोन. आठ दिवसांनी छाती उघडायची असलेल्या माणसाला मी त्याच्या विद्यार्थ्यांदेखत मृताचा नमस्कार केला होता. सरांनी विचारलं, “दुसरा कोणाचा?” मी अडखळत चिन्मयचं नाव सांगितलं. सर हसायला लागले, अगदी खांदे हलवत. “मग हे दोन नाहीत. हा एक, आणि हा एक. टीचर, हे तर तुमच्याच व्याकरणात बसतं.” मुलं हसली. मिन-जी हसली नाही. पुढचे आठ दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली, आणि मला तिचा राग येईना.

मी शकुन-अपशकुन मानत नाही. सासूबाईंशी त्यावरून वादही घातले आहेत. पण ऑपरेशनच्या दिवशी मी मुलांना निबंध लिहायला बसवलं आणि एकाही वहीतलं एक अक्षर मला वाचता आलं नाही. सारखं वाटत होतं, तोंडाने आधी चिन्मयचं नाव घेतलं असतं तर? त्याला फोनच लावून दिला असता तर? पाचच्या सुमाराला मिन-जी दारात आली. हातात मोबाइल, डोळ्यांत पाणी. मला वाटलं, संपलं. ती म्हणाली, “शुद्धीवर आले. नर्सला विचारलं, जेवलात का.” मी मुलांच्या त्या बुटक्या खुर्चीवर बसले आणि हसता हसता रडले. मिन-जीने माझ्या पाठीवर हात ठेवला. इतकं हलकं मला माझ्या स्वतःच्या निकालांनंतरही वाटलं नव्हतं.

चौथ्या दिवशी भेटायला गेले. सर वाळले होते, गळ्यापर्यंत चादर. मी पुन्हा माफी मागितली. ते छताकडे बघत म्हणाले, “खरं सांगू? त्या दिवशी मी फार घाबरलो. ऑपरेशनला आत नेत होते तेव्हा झोपेचं औषध चढेपर्यंत घोकत होतो, हा एक, आणि हा एक.”

घाबरलेला माणूस माझी लाज राखायला खांदे हलवून हसला होता, आणि मला इतके दिवस पत्ताही लागू दिला नव्हता. मी त्यांचा हात धरला. दोन्ही हातांनी.

“पुढच्या वर्षी नवऱ्याला घेऊन या,” सर म्हणाले. “त्याचा त्यालाच करू दे.”

पुढच्या वर्षी आम्ही दोघं गेलो. चिन्मयने गुडघे टेकले, नीट वाकला, आणि आता हा आईच्या वाटचाही करणार, या धास्तीने मी मागून त्याचा शर्ट घट्ट धरून ठेवला.