दुरुस्त झालेला आवाज

पुण्यात दादाच्या बैठकीच्या कोपऱ्यात एक काळी पेटी आहे. घर बदलताना हमाल आधी तिच्याकडे पाहतात आणि मग एकमेकांकडे. तो गिटारचा अॅम्प्लिफायर आहे. परदेशी, काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा, हेवी मेटल संगीत वाजवणाऱ्यांत ज्याचं नाव अजूनही अदबीने घेतलं जातं अशांपैकी एक. माझ्या भाचीकडे तळहातावर मावेल असं यंत्र आहे, आणि त्यात अशा कितीतरी जुन्या अॅम्पचे आवाज हुबेहूब उतरवून ठेवले आहेत. "डोळे मीट आणि सांग, खरा कोणता?" असं ती बापाला विचारते. दादा कधी ओळखतो, कधी साफ चुकतो, आणि चुकला की खळखळून हसतो. तरीही रविवारी कोणी ना कोणी वादक त्या पेटीपाशी येऊन बसतो, व्हॉल्व्ह तापेपर्यंत मुकाट वाट पाहतो, आणि पहिली तार छेडल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते मी एरवी फक्त गाभाऱ्यातून बाहेर येणाऱ्या माणसांच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे.

मी कवितेच्या अंगाने वाढलेली बाई. विजेच्या शास्त्रातलं मला फारसं कळत नाही. पण हा आवाज एकदा जवळजवळ नाहीसा झाला होता, आणि तो घालवणारे आमचे बाबा होते, एवढं मी जवळून पाहिलं आहे.

तेव्हा आम्ही भोपाळला, कारखान्याच्या टाउनशिपमध्ये राहत होतो. आनंद नगरकडे तोंड करून असलेली क्वार्टर्सची शेवटची ओळ आमची. बाबा नागपूरहून नोकरीसाठी आलेले. मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या तपासणी विभागात होते. वस्तू बिघडली तर बाहेरचा कारागीर बोलवायचा नाही, हा त्या ओळीचा अलिखित कायदा होता. प्रत्येक घरात कोणीतरी काहीतरी उकलून पुन्हा गुंडाळत बसलेलं असे: पंख्याची मोटर, मिक्सर, कूलरचा पंप. संध्याकाळी त्या रस्त्याने चालत गेलं की फोडणीच्या वासात वॉर्निशचा गोडसर, घशाला लागणारा वास मिसळलेला असे. कितीतरी वर्षं मला तो स्वयंपाकाचाच वास वाटत होता.

दादा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. इंदूरच्या एका वादकाने वाजवणं सोडलं आणि त्याचा अॅम्प दादाने आणला. बसमध्ये तीन-चार तास मांडीवर घेऊन, पाय मुंग्यांनी बधिर होईपर्यंत. पहिल्यांदा तो वाजला तेव्हा कोरं मांजरपाट कोणीतरी जोराने फाडत आहे असं मला वाटलं, आणि ते फाडणं संपतच नव्हतं. मग हळूहळू त्या फाटण्याच्या पोटात स्वर ऐकू येऊ लागला. साध्या गिटारची तार छेडली की स्वर जन्मतो आणि लगेच म्हातारा होऊ लागतो. इथे तो म्हातारा होत नव्हता. दादा तळहाताची कड तारांवर टेकवी आणि तो सगळा कल्लोळ एका क्षणात असा तुटे, की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यावी. मला त्या आवाजापेक्षा त्याचं तुटणं अधिक आवडू लागलं. ओळ कुठे तोडावी हे मी कॉलेजात वृत्तं घोटून शिकत होते. दादा ते हाताच्या कडेने करत होता.

बाबांचं मत एका वाक्याचं होतं. "तुझ्या पेटीला सर्दी झाली आहे."

"बाबा, ती तशीच असते."

"सर्दी झालेला प्रत्येक माणूस हेच म्हणतो."

तरी मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात पोरांना वाजवू द्यावं म्हणून शब्द टाकला तो बाबांनीच. सचिवांनी आढेवेढे घेतले. सुगम संगीत, नाट्यप्रवेश आणि बायकांच्या पाककृती स्पर्धेच्या मध्ये हा गोंगाट कुठे बसवायचा? "पंधरा मिनिटं द्या. जबाबदारी माझी," बाबा म्हणाले. दादा आणि त्याचे दोन मित्र तीन वर्षं सायकल-स्टँडच्या मागच्या खोलीत सराव करत होते आणि आजवर त्यांनी एकदाही लोकांसमोर वाजवलं नव्हतं. त्यातला ड्रम वाजवणारा आमच्या शेजारचा. त्याच्या वडिलांची बदली दुसऱ्या राज्यातल्या कारखान्यात झाली होती, आणि विसर्जनानंतर त्यांचं सामान हलणार होतं. म्हणजे ही पंधरा मिनिटं पहिली होती आणि शेवटचीही.

कार्यक्रमाला दहा दिवस उरले असताना विजेचा दाब एकाएकी चढला. पेटीतून जळक्या कागदाचा वास आला आणि ती मुकी झाली.

बाबांनी ती जेवणाच्या टेबलावर घेतली. स्पीकरला आवाज पोहोचवणारा ट्रान्सफॉर्मर जळला होता. "हे तर माझंच काम," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात मला आनंद लपवल्यासारखा वाटला. जळकी तार उकलताना ते प्रत्येक फेरा मोजत; मी समोर बसून वहीत रेघा ओढत असे, चार उभ्या आणि पाचवी आडवी. दोन संध्याकाळी आम्ही दोघं तेवढंच बोललो: "झाले?" "झाले." मग जवाहर चौकातून आणलेली नवी तांब्याची तार, मधे कागदाचे थर, वॉर्निशची अंघोळ, आणि आईच्या केक भाजायच्या ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळवण. आई म्हणाली, "पुढच्या वाढदिवसाला केकमध्ये तांबं निघालं तर मी जबाबदार नाही."

तार ज्याभोवती गुंडाळायची त्या लोखंडी गाभ्याचे जुने पत्रे बाबांना पातळ आणि अपुरे वाटले. त्यांनी चांगल्या प्रतीचे, जाड थप्पीचे पत्रे घातले. मग विजेची लहर पडद्यावर दाखवणारा, एका निवृत्त सहकाऱ्याचा ऑसिलोस्कोप मागून आणला. पेटीत एक शुद्ध गोल लहर सोडली, आणि बाहेर येताना पडद्यावर तिचं रूप पाहून ते जागच्या जागी थबकले. लहरीचे शेंडे वरून आणि खालून कापलेले होते. टेकड्यांच्या जागी ओट्यांची रांग.

दादा त्या आठवड्यात परीक्षेसाठी होस्टेलवर होता. विचारायला कोणी नव्हतं, आणि बाबांना विचारावंसं वाटलंही नसतं. लहरीतली विकृती शोधून काढणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम होतं. ती विकृती राहिली तर कुठेतरी लांबच्या गावात काहीतरी तापतं, जळतं, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी पेटीच्या पोटात आत-आत शिरून, आवाज वाढवणाऱ्या, एकामागून एक जोडलेल्या पायऱ्यांचा जोर कमी केला. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटल्यांत ठेवला. तिसऱ्या दिवशी पडद्यावर लहर गोल, तुकतुकीत, निर्दोष उमटली. त्यांनी मला हाक मारून दाखवली. खरंच सुंदर होती.

दादा परतला तो ड्रमवाल्या मित्राला घेऊनच. कार्यक्रमाला तीन दिवस होते. त्याने गिटार जोडली, व्हॉल्व्ह तापू दिले, आणि तार छेडली.

पेटीतून एक गोड, स्वच्छ, सालस स्वर आला आणि विनयाने विरून गेला.

दादाने सगळ्या कळा शेवटापर्यंत फिरवल्या. स्वर मोठा झाला, आणखी सालस झाला.

"अंकल," मित्र शेवटी म्हणाला, "ये तो एकदम भजन वाला हो गया."

"स्वच्छ झालाय," बाबा म्हणाले. "ट्रान्सफॉर्मर तर होताच, शिवाय आत दुसराही दोष होता. तो काढला."

दादाचा चेहरा मी पाहिला. त्याला रागवायचं होतं, आणि बाबांच्या बोटांवरचे वॉर्निशचे डाग पाहून रागवता येत नव्हतं. तो हळूच म्हणाला, "बाबा, तो दोष नव्हता. त्या दोषासाठीच लोक ही पेटी घेतात."

"दोषासाठी?"

"हो."

बाबांनी खुर्ची ओढली. मग बसले आणि चष्मा लावला. "ठीक आहे. तपशील सांग. किती दोष हवा?"

"म्हणजे... भारी हवा."

"भारी हा तपशील नाही."

"दाट हवा. पण चिकट नको. आणि पटकन तुटायला हवा."

"हे वरणाचं वर्णन आहे."

"माझ्या वरणाला मधे आणू नका," आई आतून म्हणाली, आणि सगळेच हसले. हसल्यावर बाबांनी बाटल्या काढल्या.

त्याच दुपारी सगळे भाग आपापल्या जागी परत गेले. चिठ्ठ्यांमुळे एकही चूक झाली नाही. तरी दादाने तार छेडली आणि मान हलवली. फाटणं परत आलं होतं, पण तळ सैल होता. हात टेकवल्यावरही काहीतरी मागे डुलत राही, भरलेल्या बादलीतल्या पाण्यासारखं. बाबांनी दोनदा वाजवायला लावलं. डोळे मिटून ऐकलं. मला वाटतं, त्या आवाजाकडे त्यांनी पहिल्यांदा तेव्हाच लक्ष दिलं.

"लोखंड जास्त झालं," ते म्हणाले.

त्यांनी घातलेला गाभा उदार होता. मूळचा कंजूस होता, आणि त्या कंजुषीमुळेच जोर आला की तो लवकर भरून जाई, आवाज आवळून धरी. ज्याने कोणी तो अॅम्प घडवला त्याने हे मुद्दाम केलं की नाइलाजाने, हे बाबांना ठरवता येईना. "साधा माणूस नव्हता तो," इतकंच ते म्हणाले. जुने पातळ पत्रे वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेले होते. आता स्वतःच्या हाताने केलेलं उत्तम काम उकलायचं आणि मुद्दाम कमी प्रतीचं करायचं. ते पहिला पत्रा ओढून काढेनात. चिमटा हातात धरून बसून राहिले.

दादा म्हणाला, "राहू द्या बाबा. असाही चालेल."

"चालेल म्हणू नकोस," बाबा म्हणाले. "चालेल असं मी कधी कारखान्याच्या फाटकाबाहेर पाठवलेलं नाही." आणि त्यांनी पत्रा ओढला.

पुन्हा फेरे, पुन्हा रेघा. या वेळी समोर दादाही बसला. तो तार धरी, बाबा फिरवत, मी मोजत असे. बाबा मधेच थांबून विचारत, "हे तुटणं तुटणं जे म्हणतोस, ते हात ठेवल्याक्षणी, की किंचित नंतर?" आणि दादा, ज्याला घरात कधी कोणी त्याच्या संगीताबद्दल प्रश्न विचारला नव्हता, तो अडखळत, मग न अडखळता, सांगत सुटे. वाळलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या तारा पेटीत डाख देऊन जोडल्या गेल्या त्या कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी. वाजवून पाहायला वेळच उरला नाही.

मंडपात पुढच्या रांगेत आज्या आणि काकू, मागे पोरं. पाककृतीचं बक्षीस वाटून झालं. तिघं चढले. बाबा प्रेक्षकांत बसले नाहीत; व्यासपीठाच्या कडेला, पेटीच्या मागे, एक तळवा ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडावर ठेवून उभे राहिले, ताप पाहणाऱ्या माणसासारखे. मी त्यांच्या शेजारी होते.

दादाने हात खाली आणला.

तो आवाज आला. पायाखालच्या फळ्यांतून माझ्या टाचांत, तिथून बरगड्यांत. आणि मग दादाने तळहात टेकवला आणि सगळं एकदम तुटलं, इतकं स्वच्छ, की समईच्या ज्योतीची तडतड ऐकू आली. पुढच्या रांगेतल्या एका आजींनी कान झाकले होते. त्यांनी हात काढून पाहिलं, तोवर पुढचा घाव आला.

पहिलं गाणं संपलं. टाळ्या मागून आल्या, पुढून थोड्या. सचिव कपाळाला आठ्या घालून आमच्याकडे येऊ लागले. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ते पेटीमागून पुढे वाकले आणि दादाच्या कानाशी म्हणाले, "मंडपाचं कापड मधले स्वर गिळतंय. मधली कळ वाढव जरा."

दादा क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिला. मग वळला आणि कळ फिरवली.

"अजून थोडी," बाबा म्हणाले. "हं. आता वाजव."