पुढच्या सीटवर कढी

माझी हक्काची जागा मी माझ्याच तोंडाने एका गंजाला देऊन बसलो. गंज म्हणजे स्वयंपाकाचं उभं भांडं, पितळी, कढीने भरलेलं. हसा तुम्ही. पण आधी हे झालं कसं ते ऐका आणि मग किती हसायचं ते ठरवा.

दिवस अगदी साधा होता. शाळेला सुट्टी होती आणि मी गच्चीवर तुरीची डाळ वाळत घालत होतो. हे काम कुसुमचं, माझ्या बायकोचं. ती गेली, पण डाळीला ते कुठे माहीत? डाळीला ऊन लागतंच. तेवढ्यात निखिलचा फोन आला. निखिल हा कुसुमच्या बहिणीचा मुलगा. रिसोडला आमच्याच घरी राहून शिकला, आता पुण्यात असतो.

"काका, मावशीच्या वर्षश्राद्धाला मी नवीन गाडी घेऊन येतो. इलेक्ट्रिक आहे."

"स्कूटर?"

"नाही हो. कार."

"केवढ्याला पडली?" मास्तर झालो तरी मी शेवटी माणूसच.

"रागावू नका काका. आपलं घर आणि तुमचं शेत दोन्ही विकलं, तरी थोडे कमी पडतील."

मी खाली बसलो. डाळीवरच बसलो. त्याची कंपनी कोणीतरी विकत घेतली होती आणि त्याच्या वाट्याला बरंच काही आलं होतं, एवढं मला ठाऊक होतं. पण घर आणि शेत?

आता मला सांगा, माझं काय चुकलं? आमच्याकडे कोणी गाडी घेतली की पहिला प्रश्न, किती माणसं बसतात? दुसरा, पोती किती येतात? एवढ्या पैशांत दहा-बारा माणसं तर आरामात बसतील, मागे भांडीकुंडी वेगळी. माझा हिशोब सरळ होता.

आणि माणसं होतीच. श्राद्ध करायचं होतं मानोऱ्याकडे, कुसुमच्या माहेरी, कारण तिची आई खाटेवरून उठत नाही आणि "माह्या डोयासमोर करा" एवढंच तिने मागितलं होतं. कुसुमच्या भजनी मंडळातल्या पाच बाया येणार होत्या. त्यांच्या म्होरक्या, शेजारच्या वच्छलाबाई, यांनी जाहीर केलं होतं की कढी कुसुमच्याच चुलीवर होईल आणि तीच तिच्या आईच्या पानात पडेल, तीही दुपारच्या आत. त्यासाठी शब्बीरभाईंची जीप सांगून ठेवली होती. कुसुमला शेवटी अकोल्याच्या दवाखान्यात नेलं ते याच जीपमधून.

तर मी उठलो, जीपच्या थांब्यावर गेलो आणि जीप रद्द केली.

"शब्बीरभाई, राहू द्या. आमच्या निखिलची मोठी गाडी येऊन राहिली."

"किती मोठी, सर?"

"घर आणि शेत मिळून होईल एवढी."

शब्बीरभाई फडक्याने काच पुसत राहिले. "मंग त बसून जासान. आमच्या गाडीत निम्म्या लोकाईले लटकून जा लागते."

त्यांना लागलं होतं. मला कळलं, पण माझ्या डोळ्यांपुढे ती मोठी गाडी होती.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी, उन्हं उतरताना, मी दारात उभा राहून रस्त्याकडे पाहत होतो. पाचही बाया गाडी पाहायला जमल्या होत्या. बराच वेळ काही दिसेना, आवाजही येईना. मग खाली पाहिलं तर ती माझ्या गुडघ्यांपाशी उभी होती. काळी, चपटी, कासवासारखी जमिनीला धरून. दाराला कडीसुद्धा नव्हती. दारातूनच एक कडी आपोआप बाहेर आली आणि निखिल बाहेर निघाला.

बायांनी गाडीच्या मागे वाकून पाहिलं. मग वच्छलाबाई म्हणाल्या, "पोरा, बाकीची गाडी मांगून येऊन राह्यली काय?"

"एवढीच आहे, मावशी."

"अन् आमी?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वाकून आत पाहिलं. दोन सीट. मागे काही नाही. मी पुन्हा पाहिलं. तरी दोनच.

"स्पोर्ट्स कार आहे, काका," निखिल घाबरत म्हणाला. "तीन सेकंदांत शंभरचा वेग घेते."

"घेईन बापा," वच्छलाबाई म्हणाल्या. "पन त्या वेगावर बसवशीन कोनाले?"

मी पुन्हा थांब्यावर. शब्बीरभाईंनी तोवर वाशीमपर्यंतच्या सवाऱ्या ठरवल्या होत्या. तरी ते माझ्याबरोबर घरी आले. राग होता, पण गाडीची उत्सुकता त्याहून मोठी होती. त्यांनी गाडीभोवती दोन चकरा मारल्या.

"पोते किती बसते?"

"पोतं नाही बसत, चाचा. पुढे छोटी डिक्की आहे, तिच्यात एक बॅग मावते."

"पुढं डिक्की? मंग इंजन मागं हाये?"

"इंजिनच नाही. बॅटरीवर चालते."

शब्बीरभाईंनी मला हाताला धरून बाजूला घेतलं. आवाज अगदी खाली आणला. "सर, पोराले फसवलं कोनीतरी. इंजन काहाडून गाडी देली."

शेवटी असं ठरलं की पाच बाया जीपमध्ये, आधीच्या सवाऱ्यांत दाटीवाटीने. गंजाला तिथे जागा नाही आणि मलाही नाही. म्हणून मी निखिलजवळ बसायचं आणि गंज पायांशी धरायचा. स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर काढून गाडी चार्जिंगला लावली आणि मिक्सर कोणी लावू नये अशी ताकीद दिली.

सकाळी कढीला उकळी येत होती. निखिल म्हणाला, "काका, गंज ठेवण्याआधी एक चक्कर मारू. तुम्हाला सवय होईल."

वाशीमच्या रस्त्याला लागलो. रस्ता मोकळा होता. त्याने पाय दाबला.

आवाज झाला नाही. गाडी पुढे गेली आणि मी मागेच राहिलो, असं मला वाटलं. पोट पाठीला टेकलं. चष्मा कपाळावर चढला. बाभळी एकेक दिसायच्या त्या एकदम हिरवी भिंत झाल्या. आणि माझ्या तोंडून निघालं, "कुसुम, दांडा धर."

जीप वळली की मी हे म्हणायचो. लग्न झाल्यापासून, प्रत्येक वळणाला. ती दांडा धरायची आणि वर मलाच म्हणायची, "धरला. तुमीच सुटान."

निखिलने पाय काढला. गाडी थांबली. माझा हात डोक्यावर दांडा शोधत होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं की या गाडीत दांडाच नाही.

"मी चालत येतो," मी म्हणालो.

मला दार उघडता येईना. त्याने कुठलंसं बटण दाबलं. मी घराकडे चालू लागलो आणि ती गाडी माझ्यामागून, माझ्याच चालीने, बिनआवाज येत राहिली. समोरून एक ओळखीचे सायकलवाले आले, उतरले.

"बंद पडली काय, सर? धक्का मारू?"

"गाडी चालू आहे," मी म्हणालो.

दारात वच्छलाबाई गंजाला फडकं बांधून तयार होत्या. जीपही येऊन उभी होती.

"कशी हाये गाडी?"

"चांगली आहे. गंज बसवा सीटवर."

"अन् तुमी?"

"मी जीपने जातो."

"जीपमंदी जागा कोठी हाये?" शब्बीरभाईंनी विचारलं.

"मागे आहे की," मी म्हणालो. चांगलं पाच बायांसमोर, ठणकावून म्हणालो.

गंज सीटवर ठेवला तशी गाडी टूं-टूं करू लागली. निखिल म्हणाला की बेल्ट लावल्याशिवाय ती गप्प बसत नाही. मग गंजाला बेल्ट लावला. वच्छलाबाईंनी तो दोनदा ओढून पाहिला. "ऱ्हाऊ दे असाच. कुसुमलेही समोरच बसाचं होतं. पोरा, तुह्या गाडीत मी समोर बसीन, म्हने."

निखिलने मान वळवून मागचं आरशात पाहिलं. तिथे काही नव्हतं.

मग काय सांगू? मी, हायस्कूलचा मास्तर, जीपच्या मागच्या पायरीवर एक पाय टेकून, दोन्ही हातांनी दांडा धरून निघालो. तोंड मागे. त्यामुळे सगळं नीट दिसत होतं. तीन सेकंदांत शंभर गाठणारी गाडी आमच्या धुळीत, आमच्याहून हळू येत होती, कारण कढी हिंदकळता कामा नये. खड्डा आला की निखिल थांबायचा, गंजावर हात ठेवायचा, मग पुढे. मागून ट्रॅक्टर हॉर्न वाजवून पुढे गेला. रस्त्याकडेचे लोक आधी त्या गाडीकडे पाहायचे, मग आत पट्टा लावून बसलेल्या गंजाकडे, मग लटकलेल्या माझ्याकडे. वाशीमला सवाऱ्या उतरल्या तेव्हा मला जागा मिळाली. तोवर माझे केस, भुवया, शर्ट, सगळं एका रंगाचं झालं होतं.

वेळेत पोचलो. एक थेंब सांडला नव्हता. सासूबाई ओसरीवर खाटेवर टेकून होत्या.

"जावईबापू, तुमी काहून असे मातीनं भरले? पोराची गाडी आली म्हनत होते न?"

"गाडीत जागा नव्हती."

"मंग समोर कोन बसलं होतं?"

"कढी," वच्छलाबाई म्हणाल्या. "पट्टा लावून."

सासूबाईंनी गंजाकडे पाहिलं. मग मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"बरं केलं," त्या म्हणाल्या. "कढी सांडते. जावई सांडत नाही."

पानं वेळेवर मांडली गेली. कढी सगळ्यांना पुरली. शब्बीरभाई पंगतीत बसले आणि त्यांनी दोनदा मागून घेतली.

निघताना निखिल म्हणाला, "काका, सकाळची चक्कर अर्धीच राहिली. पुढच्या वेळी हळू नेईन."

मी बरं म्हणालो. त्यानंतर तो येऊन गेला, गाडीही आणली होती. ती चक्कर अजून अर्धीच आहे.