अकरा गोळ्यांचा मुद्देमाल

ते प्रकरण मी अद्याप विसरलेलो नाही. स्वेच्छानिवृत्तीनंतर मी अर्जलेखनाचा व्यवसाय पत्करला. परंतु त्या काळी बंगळूरच्या बसवनगुडी भागात सहायक उपनिरीक्षक होतो, आणि ठाण्यातील लेखनाचे काम माझ्याइतके काटेकोर कोणी करीत नसे.

एके सकाळी हजेरी संपताच सत्तरीच्या एक बाई आल्या. "अण्णा, माझी सून यजमानांना उंदराचं औषध घालते आहे."

यजमानांच्या, म्हणजे बाईंच्या पतीच्या, हृदयात कृत्रिम झडप होती. सून रोज जी गोळी देई, तिचे नाव बाईंनी इंटरनेटवर शोधले होते. उंदीर मारण्यास हेच द्रव्य वापरतात, असे तेथे स्पष्ट लिहिले होते. कुतूहलाने मी स्वतः शोधले. माहिती खरी निघाली!

सुनेला बोलावले. कंपनीचे ओळखपत्र गळ्यात तसेच ठेवून ती आली.

"सर, ती रक्त पातळ करायची गोळी आहे, डॉक्टरांनीच लिहून दिलीय." मग ती सासूकडे वळली. "अत्ते, स्वल्प मला विचारायचं तरी!"

"तुला विचारलं की नुसतं हूं म्हणतेस. फोन नीट सांगतो."

दोषी मनुष्य बहुधा आवाज खाली आणतो. सुनेचा चढलेला होता. तथापि तक्रार ती तक्रार. मी पुरावा मागितला. बाईंनी पिशवीतून कागदाची पुडी काढली. मी मुद्देमालाचे वर्णन लिहू लागलो: गोल, गुलाबी, नग अकरा... आणि लेखणी थांबली.

"अक्का, या अकरा कोठून आल्या?"

"ही रोज एक देते. मी यजमानांच्या हातातून काढून घेते."

"म्हणजे अकरा दिवस त्यांनी गोळी घेतलीच नाही?"

"कशी घेऊ देईन?"

"अत्ते, झडपेवर गुठळी होईल!" सून उठलीच. तिने घरी फोन लावला. यजमान म्हणाले, सकाळपासून डावा हात जड वाटतो आहे.

मी जीप काढली. उपचार वेळेत मिळाले. हात पूर्ववत झाला.

रुग्णालयाच्या बाकावर बाईंनी विचारले, "मग लिहिलेलं खोटं होतं?"

"खरंच होतं, अक्का. उंदराला किती, माणसाला किती, ते खाली होतं. तेवढं वाचायचं राहिलं."

वयस्कर माणसे फोनला विचारतात, कारण तो कंटाळत नाही, हे मला त्या दिवशी उमगले. आता असे फोनवर वाचून कोणी अर्जासाठी आले, की वाचल्यावर तुम्ही काय केलेत, हे मी प्रथम विचारतो.

तक्रार मागे घेण्याचा अर्ज मीच लिहिला. बाईंनी एक ओळ हट्टाने घालावयास लावली: "सून तोंडाळ आहे, परंतु विष घालत नाही." साक्षीदार म्हणून खाली सुनेनेच सही केली.