पाय जागे ठेवणारे अण्णा

अण्णा माणसाच्या तोंडाआधी त्याच्या पायांकडे बघायचे. बेंगळुरूच्या कडेला, एका लहानशा धावपट्टीवर ते आम्हाला विमान चालवायला शिकवत. पहिल्याच दिवशी माझे जाड बूट बघून त्यांनी मला परत पाठवलं आणि तिथल्याच शिवाजीनगरातून पातळ तळाचे कॅनव्हासचे बूट आणायला सांगितलं. पुण्याहून येऊन इंदिरानगरात कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्या मला हा माणूस चक्रम वाटला.

जमिनीवर विमान हातांनी वळत नाही, पायांखालच्या पेडलांनी वळतं, हे ते रोज घोकून घेत. “चाकं टेकली म्हणून उतरलो नव्हे. थांबलं की उतरलो. तोवर पाय जागे ठेव.” स्वतः मात्र ते अलीकडे बूट काढून, नुसत्या मोज्यांवर विमानात चढत. देवळात निघालात का, असं आम्ही चिडवायचो. ते हसून “सरी, सरी” म्हणत, म्हणजे कानडीत ‘बरं, बरं’, आणि विषय बदलत.

एका दुपारी डावीकडून आडवा वारा होता. चाकं टेकली आणि मी सुटकेचा श्वास सोडला. तेवढ्यात विमानाचं नाक डावीकडे वळलं. मी गाडीचं स्टिअरिंग फिरवावं तसं हातातलं चाक उजवीकडे फिरवलं. झालं उलटंच, डावा पंख वर उचलला गेला आणि समोर धावपट्टीऐवजी गटार दिसायला लागलं. मेले, एवढंच मनात आलं. शेजारून अण्णा म्हणाले, “पाय.” माझे पाय हलेनात. मग त्यांनीच पेडल दाबलं. आम्ही गवतात थांबलो. गटार पुढ्यात होतं. अण्णांचा चेहरा माझ्याहून पांढरा पडला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाय-टू कॉफी मागवली आणि अर्धा पेला माझ्याकडे सरकवला.

“तू चुकलीस, सरी. पण मी पण उशीर केला. पेडल पायाला लागलंच नाही गं. शुगरनं तळवे बधिर झालेत. बूट काढून स्वल्प कळायचं, आता तेही नाही.”

कुणाला सांगितलं नाहीत का, असं मी विचारलं. हे काम गेलं तर उरणार काय, याची भीती वाटली, म्हणाले. मला राग आला. माझा जीव त्यांनी त्या बधिर पायांच्या भरवशावर ठेवला होता. पण कॉफी संपवून ते ऑफिसात गेले आणि आपण यापुढे उडणार नाही, असं स्वतःच्या हाताने लिहून आले. पाठमोरे अण्णा बघून माझा राग टिकला नाही.

पुढचं मी दुसऱ्या शिक्षकाकडे शिकले. पहिल्यांदा एकटी उडाले तेव्हा शेजारची सीट रिकामी होती. उतरताना वारा पुन्हा डावीकडूनच होता. नाक वळायला लागलं आणि मी मोठ्याने म्हणाले, “पाय.” विमान सरळ झालं. ते पूर्ण थांबेपर्यंत मी तेच म्हणत राहिले.

कुंपणापाशी अण्णा उभे होते. सवयीने त्यांनी आधी माझ्या पायांकडे बघितलं. पाय लटलट कापत होते.

“भीती गेली काय?”

“नाही, अण्णा.”

“सरी,” ते म्हणाले. “जाऊ देऊ नको.”